ओहोटी, डावीकडून

९ जानेवारी

डायरी लिहायची सवय मला नाही. चौतीस वर्षं इस्पितळाच्या एक्स-रे विभागात ड्यूटी रजिस्टर लिहिलं, तेवढं लिहिणं एका जन्माला पुरे. पण आज जे पाहिलं ते नोंदवून ठेवलं नाही, तर उद्या मीच म्हणेन की झोपेत पाहिलं.

हातातलं घड्याळ बंद पडलं होतं. कोपऱ्यावरचा घड्याळजी जुना माणूस, हात चांगला. गेले तर दुकानाला कुलूप. शेजारच्या छत्रीवाल्याने वर बोट दाखवलं. "वर असतील. हाक मारू नका, उत्तर देत नाहीत."

जिन्याच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे सगळं धुकं आत आलेलं. पायऱ्या दिसत नव्हत्या, पावलाला लागत होत्या. वर लांबच लांब रिकामी खोली, लाकडी जमीन. मधोमध घड्याळजी, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत. मी पोहोचले तेव्हा त्याचं काही तरी अर्धं झालेलं होतं. हात पुढे जायचा, मागे यायचा, अंग वळायचं, आणि सगळं इतकं सावकाश की खोलीत गळ्यापर्यंत पाणी भरलंय असं वाटावं. मग एकाएकी त्याने पाय आपटला आणि पाणी नाहीसं झालं.

मी दारात वीस मिनिटं उभी होते. मी बँकेच्या रांगेतसुद्धा वीस मिनिटं उभी राहत नाही.

"कोण आहे?" त्याने मान न वळवता विचारलं.

"घड्याळ आहे दुरुस्तीला."

"दुकान बंद केलं. कंटाळा आला."

"हे काय चाललंय मग?"

"कराटे."

"कराटेत लोक ओरडतात."

"ओरडायचं कशाला? खोली रिकामीच आहे."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवाल का?" त्याने वय विचारलं. बासष्ट सांगितलं. "सकाळी सहा," तो म्हणाला. घड्याळ तसंच बंद घेऊन घरी आले.

१० जानेवारी

धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून माझ्याकडेच राहते आणि माझ्या वाटचं बोलणंही तीच बोलते.

"ताई, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. कराटे! आणि मारणार कोणाला?"

"कोणाला नाही."

"मग मला घरात हेल्मेट घालायला नको ना?"

तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गणवेश शिवायला टाकला.

२१ जानेवारी

आता त्यांना सर म्हणते. शिक्षकाला अरे-तुरे मी मनातसुद्धा करत नाही.

सर संध्याकाळी मुलांना साधं कराटे शिकवतात. सकाळी सहाला मी एकटीच. मला शिकवणार आहेत तो एक काता आहे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ. समोर कोणी नसताना करायची लढाई. या कात्यात छत्तीस हालचाली आहेत. मूळ नाव एका दूरच्या बेटावरच्या भाषेतलं, सरांनाही नीट म्हणता येत नाही. ते त्याला ओहोटी म्हणतात.

भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर ही ओहोटी ज्यांच्या ज्यांच्या अंगातून आली ती माणसं लिहिलेली आहेत. नावं नाहीत, फक्त धंदे. मिठागरवाला. त्याची सून. होडीचा सुतार. चित्रकलेचा मास्तर. पाववाली. शेवटी एका ओळीत दोन: दातांची डॉक्टर, घड्याळजी. पाववाली या दोघांची गुरू.

पहिला मिठागरवाला मुका होता. म्हणून ओहोटी शिकवताना बोलायचं नाही, असा रिवाज पडला. चुकलं तर सांगायचं नाही; पुन्हा पहिल्यापासून करायचं. धडा संपल्यावर वाटेल तेवढं बोला. मला हे पटलं नाही. चूक ताबडतोब सांगावी. पण मी शिकायला गेले आहे, सुधारायला नाही.

२ फेब्रुवारी

आज खरी सुरुवात. सर तोंड माझ्याकडे करून उभे राहतात. त्यांनी उजवा हात उचलला, मी उजवा उचलला. नवशिक्यांचा इथेच घोळ होतो. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, आणि लोक वेंधळ्यासारखे डावा उचलतात. माझं तसं होणं शक्य नाही. एक्स-रेची फिल्म पाहताना रोगी समोर उभा आहे असं धरून चालायचं असतं. चौतीस वर्षांत माझं डावं-उजवं एकदाही चुकलेलं नाही.

३ फेब्रुवारी

धड्यानंतर सरांनी चहा केला. ओतताना कपात बोट बुडवून बसले होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने एवढं गबाळं असू नये.

त्यांनी माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मी शिशाच्या अक्षरांबद्दल सांगितलं. फिल्मवर डावा-उजवा कळावा म्हणून शिशाचं छोटं अक्षर ठेवावं लागतं. माझ्या हाताखालच्या एकीने एकदा ते उलट्या बाजूला ठेवलं. ऑपरेशनच्या टेबलावर रोगी चढल्यावर लक्षात आलं. चांगला गुडघा कापायचा राहिला तो नशिबाने. मी रिपोर्ट लिहिला, तिची नोकरी गेली. दोन मुलांची आई होती, रडली. मी सांगितलं, एका चुकीला दुसरी संधी नसते.

सर म्हणाले, "आणि तुमची चूक झाली असती तर?"

"मी स्वतःच राजीनामा दिला असता."

सरांनी चहा संपवला. कप खाली ठेवताना टेबल आधी हाताने चाचपलं.

४ फेब्रुवारी

आज धडा नेहमीपेक्षा लांबला. पहिल्या चार हालचाली पंचवीस वेळा. मला वाटलं काही चुकलंय. धडा संपल्यावर विचारलं, तर सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नाही. वजन छान पडतंय."

१७ मार्च

आज एक महत्त्वाची गोष्ट कळली. सर या वर्षी सत्तर पूर्ण करतात. या घराण्याचा नियम असा, की सत्तराव्या वर्षापर्यंत ओहोटी निदान एकाला तरी पूर्ण द्यायची. नाही दिली तर फळी उतरवतात आणि खोली बंद. तपासायला थोरल्या येणार: दातांची डॉक्टर, सरांच्या गुरुभगिनी. वीस नोव्हेंबर.

"आधीचे विद्यार्थी?" मी विचारलं.

"एक परदेशी गेला. एकाचं लग्न झालं. एकाला दहाव्या हालचालीनंतर कंटाळा आला."

"म्हणजे मीच."

"तुम्हीच."

मला परीक्षेची भीती कधीच वाटली नाही. आज वाटली. बासष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं बरं नव्हे.

३० मार्च

स्वप्नं लिहून ठेवू नयेत असं माझं मत आहे. तरी लिहिते.

मी जुन्या डार्करूममध्ये होते. तांबडा दिवा. ट्रेमध्ये फिल्म हलवत होते आणि तिच्यावर हळूहळू हाडं उमटायला लागली. पण ती उभी नव्हती, चालत होती. एका माणसाचा सांगाडा ओहोटी करत होता. पाणी हलेल तसा तो वळत होता. फिल्म उचलून दिव्याकडे धरायचं धाडस मला झालं नाही, कारण उचलली की ते थांबेल असं वाटत होतं.

जाग आली तेव्हा दोन्ही हात पांघरुणावर हलत होते. धाकटी म्हणाली, "ताई, झोपेत पीठ मळत होतीस."

२२ एप्रिल

सरांचे नवे हट्ट. गणवेशाला कडक खळ हवी, बाही झटकली की वाजली पाहिजे. पाऊल नीट आपटायचं. श्वास ऐकू आला पाहिजे. मी म्हटलं, मला आवाज करायची सवय नाही, इस्पितळात शांतता पाळावी लागते. ते म्हणाले, "इथे रोगी नाहीत, बाई. वाजू द्या."

खोलीत दिवाही लावत नाहीत. वीज वाचवतात बहुतेक.

११ मे

धाकटी रागावून घरी आली. बाजारात सर दिसले, अगदी समोरून आले, हिने हसून हात केला, आणि ते बाजूने निघून गेले. "मी काय खांब आहे? खांबाला तरी लोक वळसा घालतात. माझ्या पिशवीवर आदळले ते!"

मी म्हटलं, विद्येचा थोडा ताठा असतो माणसाला.

"ताठा नाही ताई, काही तरी वेगळंच आहे," ती म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीत काही तरी वेगळंच दिसतं.

८ जून

सतरावी हालचाल: दोन्ही तळवे एकदम पुढे, मग थोडे खाली. सर धड्यानंतर म्हणाले, "ही आमच्या बाईंची. पाववाली. भट्टीत ट्रे सरकवायचा तसा." नवव्या हालचालीत हात लाकडावरून फिरल्यासारखा जातो, तो होडीचा सुतार. पाचवीत कमरेतून जे वाकणं आहे ते मिठागरवाल्याच्या सुनेचं. ती गरोदर असताना शिकली. पोट सांभाळून वाकायची.

म्हणजे प्रत्येकाने काही तरी मागे ठेवलं. मी म्हटलं, "हे शुद्ध कसं राहील मग?"

"शुद्ध काय करायचंय? जिवंत राहिलं की झालं."

या उत्तराशी मी सहमत नाही. पण ओहोटी करताना आता मी खोलीत एकटी नसते. पाचव्याला कोणी तरी माझ्या कमरेला हात लावून जातं. नवव्याला लाकडाचा वास येतो. हे मी धाकटीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती डॉक्टरकडे नेईल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, विश्वास ठेवेल.

१९ जुलै

मी आतापर्यंत शिकलेल्या सगळ्या हालचालींच्या आकृत्या काढल्या. पट्टीने, शाईने, बाण वगैरे देऊन. महिना गेला. आज सरांना दिल्या. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ समोर धरून ठेवला आणि म्हणाले, "छान आहे."

कागद उलटा धरलेला होता. डोकी खाली, पाय वर.

मी तो परत घेतला. माणसाला दुसऱ्याच्या कष्टांची किंमत नसेल तर नसेल. घरी येताना डोळ्यांत पाणी आलं, हे लिहून ठेवते कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

२७ सप्टेंबर

आज पहिल्यांदा छत्तीसच्या छत्तीस, न थांबता. शेवटच्या हालचालीत काहीच नाही. फक्त हात खाली येतात आणि पाणी मागे हटतं तसा श्वास जातो. ते झालं आणि मला वाटलं, माझ्या पायाखालची ओली वाळू दूरवर मोकळी झाली आहे आणि तिच्यावर अजून कोणी चाललेलं नाही.

सर दोन पावलं पुढे आले. "पूर्ण आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज नीट नव्हता. सर्दी झाली असावी.

४ नोव्हेंबर

घरी आल्या आल्या लिहिते.

सकाळी पावणेसहालाच पोहोचले. सर ओहोटी करत होते, स्वतःसाठी, माझ्या नेहमीच्या जागी उभे राहून. पहिल्यापासून पाहायची ही माझी पहिलीच वेळ. त्यांनी पहिला हात उचलला. डावा. पहिलं पाऊल डावीकडे, खिडकीकडे.

मी थांबले. सगळं होऊ दिलं. सगळं उलटं होतं. संपल्यावर म्हटलं, "सर, क्षमा करा, पण आज तुमचं चुकलं. डाव्या बाजूने केलंत."

"बसा, बाई."

"बसते. पण चुकलं."

"मी डाव्यानेच करतो. पंचेचाळीस वर्षं डाव्यानेच करतो. आमच्या बाई डाव्यानेच करायच्या."

"मला तर उजव्याने शिकवलंत!"

"तुम्ही समोर असता. समोरच्यासाठी मी आरसा होतो. मी उजवा उचलतो म्हणजे समोरच्याने डावा उचलावा. सगळे तसंच करतात, विचार न करता. तुम्ही विचार केलात."

चौतीस वर्षांची माझी सवय. त्यांनी माझ्यासाठी उलटवून दिलेलं मी हुशारीने पुन्हा उलटवलं. छत्तीसच्या छत्तीस.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. पावलं खिडकीकडे जायला हवी होती, दाराकडे गेली."

"दिसत होतं आणि बोलला नाहीत?"

"दिसत नव्हतं, बाई. ऐकू आलं."

तरीही मला समजायला वेळ लागला. मग एकदम समजलं. कपातलं बोट. कागद. धाकटीची पिशवी. खळ, श्वास, पाऊल. दुकानाचं कुलूप. दहा महिने मी एका आंधळ्या होत चाललेल्या माणसासमोर उभी होते आणि डायरीत त्याला गबाळा म्हणत होते. निदान करणं माझं काम नव्हतं, पण पाहणं होतं.

"पूर्ण गेली का नजर?"

"कडेला थोडा उजेड राहिला आहे. खिडकी कुठे आहे ते कळतं. थोरल्यांना माहीत नाही. कळलं तर म्हणतील, जो पाहू शकत नाही तो शिकवणार काय. नियमात बसत नाही."

"आणि मला का सांगितलं नाहीत? रिवाज म्हणून?"

"रिवाज धड्यापुरता असतो. आदल्याच दिवशी तुम्ही शिशाच्या अक्षराची गोष्ट सांगितली होतीत." त्यांनी बाही सरळ केली. "मला वाटलं, चूक सांगितली तर या मला माफ करतील, स्वतःला करणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून येणार नाहीत. आणि मला कोणी तरी यायला हवं होतं."

मी उठून निघून आले. नमस्कारही केला नाही.

५ नोव्हेंबर

गेले नाही.

६ नोव्हेंबर

गेले नाही. धाकटीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही; एवढ्यावरून प्रसंग किती गंभीर आहे ते कळावं.

शेवटी म्हणाली, "मग राजीनामा दिलास का?"

"कशाचा?"

"तूच ठरवलेला नियम आहे ना. चूक झाली की राजीनामा."

"दोन आठवड्यांत छत्तीस हालचाली उलटवणं शक्य नाही."

"मी तेच म्हणते. दे राजीनामा. त्या बिचाऱ्यांची फळी उतरेल, खोली बंद होईल, पण तुझा नियम उभा राहील. नियम उभा राहिला की घर कसं भरल्यासारखं वाटतं."

मी तिला गप्प बस म्हटलं. ती बसली. मग मी रात्रभर त्या दुसऱ्या बाईचा चेहरा आठवत राहिले, जिची नोकरी मी घालवली. रडत होती एवढंच आठवतं. डोळे आठवत नाहीत. तिचा पत्ता माझ्याकडे नाही.

७ नोव्हेंबर

सहाला गेले. सर नेहमीच्या जागी उभे होते. दोन दिवस तसेच उभे राहिले असावेत असं वाटलं.

"डावीकडून," मी म्हणाले. "चला."

१२ नोव्हेंबर

अंग माझं ऐकत नाही. डोकं डावं म्हणतं, पाऊल दाराकडे जातं. दात घासायचा हात बदलून पाहिला, चमचा बदलून पाहिला. धाकटी म्हणते, आता बोलणंही बदलून बघ, गोड बोलून बघ.

सरांनी आज एक युक्ती सुचवली. "भिंतीला मोठा आरसा लावू. थोरल्यांना आरशाकडे तोंड करून बसवू. तुम्ही उलटं करा, त्यांना सुलटं दिसेल." आणि स्वतःच हसत सुटले. मी इतकी रागावले की पहिल्यांदाच अकरावी हालचाल डावीकडून बरोबर झाली.

१५ नोव्हेंबर

स्वप्न. इस्पितळाचा लांब व्हरांडा, दिवे नाहीत, तरी उजेड. बाकावर मिठागरवाला, त्याची सून, सुतार, मास्तर, पाववाली, ओळीने बसलेले, हातात नंबरची चिठ्ठी. मी एकेकाला विचारत होते, डावा की उजवा? फॉर्मवर लिहावं लागतं. ते एकमेकांकडे बघत आणि हसत. सुनेने माझा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला. आत कोणी तरी वळलं. डावीकडे की उजवीकडे, मी विचारलंच नाही.

१९ नोव्हेंबर

बावीसपर्यंत खात्री आहे. तेविसाव्याला पूर्ण वळण आहे, तिथे अंग जुनं आठवतं. उद्या.

२० नोव्हेंबर

थोरल्या दहाला आल्या. उंच, केस बारीक कापलेले, सरळ पाठ. मला वाटायचं मी कडक आहे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, फळीवरची धूळ बोटाने पुसली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दात आवळून करू नका. झिजतात."

सर खुर्चीवर बसले. थोरल्या खिडकीपाशी बसल्या. मी सुरू केलं.

डावीकडून. पाच, सहा, नऊ. सगळी माणसं आपापल्या जागी भेटली. सतराव्याला तळहातांना ऊब लागली. बावीस. मग वळले, आणि वळतानाच कळलं की दाराकडे वळले आहे. थांबता येत नाही. ओहोटी मध्ये थांबत नाही. उरलेलं सगळं उलट्या बाजूने पूर्ण केलं.

थोरल्या म्हणाल्या, "तेविसाव्याला बाजू फिरली. तिथून पुढे सगळं उलटं."

"हो."

"का?"

खरं सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: यांनी कसं नाही पाहिलं? मी सरांकडे पाहिलं. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, वरिष्ठांपुढे खोटं बोलले. "वय झालं. विसरायला होतं."

सर खुर्चीवर मोठ्याने हसले. "या विसरतात? या जन्मात नाही. नऊ महिने पूर्ण उलटंच शिकल्या त्या, आणि ती चूक माझी. मला तिसऱ्याच दिवशी ऐकू आलं होतं."

"ऐकू आलं?" थोरल्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा थोरल्या सरांसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडापुढे हात हलवत होत्या.

"हात खाली घे," सर म्हणाले. "वारा लागतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग मला पत्रं कोण लिहीत होतं?"

"खालचा छत्रीवाला."

"तरीच. मला वाटलं म्हातारपणी तुझं अक्षर सुधारलं." त्या वळल्या, फळीपाशी गेल्या, तिच्या दोन्ही कडांना हात लावला. आता उतरवणार असं मला वाटलं. मी पुढे झाले. काय करणार होते माहीत नाही. त्या वयस्कर बाईंचा हात धरणार होते बहुधा.

"नियम काय आहे?" त्या फळीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"जो पाहू शकतो त्याने ओहोटी द्यायची," सर म्हणाले.

"आपल्या बाईंनी आपल्याला कसं तपासलं, आठवतं?"

"पहाटे. बेकरीत."

"त्या कुठे बघत होत्या?"

सरांनी मान वर केली. "भट्टीकडे," ते हळूच म्हणाले. "पाव करपू नयेत म्हणून. आपल्याकडे पाठ होती."

"मला वाटायचं, त्यांचं लक्षच नाही. आणि शेवटी म्हणाल्या, चौदाव्याला तुझी टाच उचलली. चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही की ते त्यांना कसं कळलं." थोरल्यांनी फळीवरून हात काढले. खुर्ची ओढून त्या सरांच्या शेजारी बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"पुन्हा," त्या मला म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दोन म्हातारी माणसं, चारही डोळे बंद. मला कोणीच पाहत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांच्या आतलं पाहत आले. मला न पाहता कोणी माझी वाट पाहत आहे, हे मला नवीन होतं. मी हात उचलला.

त्यानंतरचं नीट लिहिता येत नाही. पाणी आलं आणि खोलीत भरलं. वाकले तेव्हा वाकणं माझं नव्हतं, वळले तेव्हा वळण कोणी तरी आधी करून ठेवलेलं होतं. बाही वाजली. पाऊल वाजलं. शेजारी दोघांचे श्वास होते, माझ्याच मापाचे. मग हात खाली आले आणि सगळं पाणी मागे गेलं.

मी पाय जुळवून उभी राहिले.

"कोणत्या बाजूने केलंत?" थोरल्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मी सांगू?" सर म्हणाले.

"नको," थोरल्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून रंगाची डबी आणि बारीक कुंचला काढला. दोन्ही त्यांनी येतानाच आणलेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "फळीवर काय लिहू तुमचं?"

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं: एक्स-रेवाली. अक्षर वाकडं आलं, मी काही म्हटलं नाही.

जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "पत्रं यापुढे तुम्ही लिहा. छत्रीवाल्याला मनातलं फार सुचतं."

२ डिसेंबर

सर आता रस्त्यावर पांढरी काठी घेऊन येतात. मीच आणून दिली. उशिरा येतात, त्यावरून रोज माझी बोलणी खातात.

धाकटी आजपासून शिकायला आली. "घरी एकटी बसून काय करू," म्हणते. मी तिच्या समोर उभी राहिले आणि तिच्यासाठी उजवा हात उचलला. तिने डावा उचलला. मी उजवीकडे पाऊल टाकलं. ती डावीकडे, खिडकीकडे गेली, गेली, आणि तिसऱ्या हालचालीला दाराकडे फिरली.

"ताई, चुकलं का गं?"

मी काही बोलले नाही. पुन्हा पहिल्यापासून हात उचलला.